सोडा म्हणले, म्हणून सोडली

लोड म्हणलं की आमच्याकडं लोकांना तीन गोष्टी आठवत्यात. एक, लग्नात नवरदेवाच्या पाठीला लावत्यात तो. दुसरा, टेम्पोत भरत्यात तो. आन तिसरा, पोरंसोरं म्हणत्यात ना, "काका, लोड नका घेऊ," तो. मी ज्याच्यावर इतकी वर्षं भाकर खाल्ली तो चौथा. बायकोला आजून वाटतं, मी पहिल्या लोडाला टेकून बसायचा पगार घेतो. तिचं लई चुकत नाय.

दिवाळी अंकवाले म्हणले, कंप्यूटरच्या धंद्यातले अनुभव लिहून द्या. मी म्हणलं, साहेब, माझी शाळा तिसरीत सुटली. मी शाळा सोडली का शाळेनं मला सोडलं, ह्यावर मास्तरात आन आमच्या बापात शेवटपर्यंत वाद हुता. ते म्हणले, मंग नुसतं बोला, आम्ही उतरवून घेतो. म्हणून बोलतो. शुद्ध-अशुद्ध त्यांचं त्यांनी बघावं.

माझं नाव कोंडिबा. गाव फुलंब्रीच्या अलीकडं. आम्ही धनगर. बापाची मेंढरं हुती, माझ्या वाट्याला येईस्तोवर नुसती काठी राहिली. ती काठी घेऊन मी चिकलठाण्याला एका बिल्डिंगीत वॉचमन लागलो. वरल्या मजल्यावर मोहनसरांचं सॉफ्टवेअरचं हापिस. चहा पोचवता पोचवता मी आत शिरलो. मांजर आन मी, एकदा उबदार जागी शिरलो की हाकलल्याशिवाय निघत नाय. आन मोहनसरांचा सोभाव हाकलायचा नाय.

आता धंदा काय ते सांगतो. समजा तुम्ही एक दुकान काढलं, मोबाईलवरचं. रोज धा गिऱ्हाईक येत्यात, सगळं गोडीगुलाबीत चाललंय. पण एखाद्या दिवशी हजारो माणूस एकदम घुसलं तर? दार मोडंल, गल्ला सांडंल, मालक टेबलाखाली. म्हणून खरी माणसं यायच्या आगुदर आम्ही खोटी माणसं पाठवतो. कंप्यूटरनं बनवल्याली. ती आत जात्यात, वस्तू बघत्यात, बटण दाबत्यात, आन दुकान कुठं मोडतं ते आम्ही बघतो. ह्यालाच लोड टेस्ट म्हणत्यात, त्योच माझा चौथा लोड. गिऱ्हाईक पैसे देतं आन आम्ही त्याचंच दुकान मोडतो. असा धंदा मला आधी म्हाईत असता तर मी लहानपणापासूनच कुणाकुणाचं काय काय मोडायचे पैसे घेतले असते.

ही खोटी माणसं आमच्या घरची नाय. ती भाड्यानं आणाया लागत्यात, एका मोठ्या कंपनीकडून. त्याचं रिचार्ज मारायचं, त्याला क्रेडिट म्हणत्यात. एक खोटा माणूस, एक मिनिट, एक क्रेडिट. मंग तो पळो का नुसता दारात उभा राहो. मिनिटावर येक सेकंद गेला की दुसरं मिनिट धरलं. दुकान मोडून पडलं तरी मीटर चालूच. एक भारीतला खोटा माणूस आसतो, तो चित्रंबित्रं सगळी उघडून बघतो, त्याला धा पट क्रेडिट. मला हे एका झटक्यात कळलं, कारण मी त्यांना मेंढरं समजलो. साधं मेंढरू आन खुराकाचं आंबवण खाणारं मेंढरू, एवढाच फरक.

मला हे काम कसं मिळालं? टेस्ट चालली की कुणीतरी पडद्याकडं बघत बसाया लागतं. हिरवी रेघ वर चालली का, लाल झाली का. शिकल्याल्या पोरांना कंटाळा यायचा. एक दिवस सरांनी मला इचारलं, "कोंडिबा, तुम्ही दिवसभर गेटवर काय करता?"

"बघतो."

"काय बघता?"

"जे समोर आसंल ते."

झाली नेमणूक. आता आख्ख्या संभाजीनगरात नुसतं बघायचा पगार घेणारे लई हायेत, पण खुर्चीवर तसं ल्हिल्याला मी एकलाच.

मी बोलायचो तसं हापिसबी बोलायला लागलं. टेस्ट चालू करायची म्हणजे 'मेंढरं सोडायची'. बंद करायची म्हणजे 'कोंडायची'. सर सोता केबिनमधून वरडायचे, "कोंडिबा, दोनशे सोडा!" आन मी बटण दाबायचो. हे सोडा-कोंडा ध्यानात ठिवा. पुढं ह्याच्यातच माझी मान अडकती.

पहिल्याच वर्साला मी सरांना बुडवलं. लई क्रेडिट उरले हुते. मी म्हणलं, मालकाचा माल हाय, जपून वापरावं. पोरं टेस्टला क्रेडिट मागायला आली की मी हात आखडायचो. "हजार कशाला, शंभर घे. तेवढ्यानं काय दुकान मोडत नाय का?" कणगीतली बाजरी जपावी तसे जपले. महिन्याच्या शेवटी सरांसमोर छाती काढून गेलो. म्हणलं, "सर, निम्म्याच्या वर वाचवलेत."

सरांनी पडदा बघितला, मला बघितलं. "कोंडिबा, हे आज संपतात."

"संपत्यात म्हणजे? मी तर हात बी लावला नाय."

"म्हणूनच संपतात."

सकाळी खरंच सगळी कणगी रिकामी. उंदीर नाय, चोर नाय, नुसती तारीख. तवापासून माझ्या पगाराबाबत मीबी घाबरून आसतो. न वापरता ठिवला तर काय भरोसा?

एक क्लासवाले सर हुते, त्यांची गंमत सांगतो. त्यांच्या साईटवर आम्ही दुपारच्याला मेंढरं सोडली. त्यांना कल्पना दिल्याली हुती, पण ते इसरले. संध्याकाळी पेढ्यांचा डबा घेऊन हापिसात हजर. म्हणले, "एकाच दुपारी एवढी पोरं आली माझ्या साईटवर! नाव झालं बघा आपलं!" मोहनसर त्यांना खरं सांगायला तोंड उघडायले, तेवढ्यात मी पेढा तोंडात टाकून बसलो. एकदा पेढा खाल्ल्यावर खरं कसं बोलणार? सरांनीबी मंग येक घेतला. ते क्लासवाले आजून कुठंबी भेटले की त्या दुपारची गोष्ट सांगत्यात, आन मी मान डोलवतो.

आता खरी गोष्ट. ही नानांच्या अद्रकीची.

नाना म्हणजे फुलंब्रीकडचे मोठे बागायतदार. अद्रकीचं बेणं इकत्यात. बेणं चांगलं, म्हणून इक्रीच्या दिवशी त्यांच्या गेटवर ही झुंबड. आदल्या साली गर्दीनं गेट पडलं आन नानांचा सख्खा चुलता त्याच्याखाली आला. हात मोडला म्हाताऱ्याचा. बसवला, पण वाकडा बसला. नानांनी त्या दिवशी शपथ घेतली, आता गेट नाय, लाईन नाय, ज्याला बेणं पायजे त्यानं मोबाईलवर नंबर लावायचा. सोमवारी सकाळी धा वाजता बुकिंग उघडणार, हे गावोगाव सांगून झालं. आन हापिसात येऊन ते हात जोडून म्हणले, "मोहनराव, हे गेट पडलं तर लोकं परत माझ्या दारात येतील. चुलत्याचा दुसरा हात मोडायला मला परवडणार नाय."

ती साईट बनवली निखतनं. आमच्या हापिसातली सगळ्यात हुशार पोरगी, शहागंजाकडची, तोंडानं मिरची. मला चाचा म्हणती आन मिनिटाला येकदा झापती. तिनं सरांना सांगितलं, पुरी गर्दी सोडून टेस्ट केल्याबिगर मी साईट उघडू देणार नाय. सर म्हणले, क्रेडिट एकाच मोठ्या टेस्टचे उरलेत. निखत म्हणली, "एकच बस. पर वो एक मेरे हाथ से होगी."

माझ्याकडं बघून म्हणली, हे सांगायला नको.

त्या क्लासवाल्यांपासून सरांनी नेम केल्याला, टेस्ट खऱ्या दुकानावर करायची नाय. त्याची हुबेहूब नक्कल बनवायची आन मेंढरं तिच्यावर सोडायची. शनिवारी दुपारी निखतनं सगळी मांडामांड केली. आकडा टाकला आख्ख्या कळपाचा. मंग तिला वाटलं, येकच मेंढरू खऱ्या साईटवर पाठवून रस्ता बघून घ्यावा. म्हणून तिनं खऱ्या साईटचं बुकिंग घडीभर उघडलं आन पत्ता तिथला टाकला. आता कळपाचा आकडा पुसून तिथं एक टाकायचा, तेवढ्यात तिच्या अम्मीचा फोन. हापिसात नेटवर्क नाय, ती जिन्यात गेली. जाता जाता म्हणली, "चाचा, हाथ नक्को लगाव."

मी हात मागं बांधून बसलो. खरंच बसलो.

तिकडं मोहनसर चितेगावला कंपनीत गेल्याले. त्यांना नानांचा फोन आला की तुमच्या त्या टेस्टचे जास्तीचे पैसे मी देणार नाय, तुमचं तुम्ही बघा. सरांचं डोकं सणकलं. त्यांनी रस्त्यातनंच हापिसातल्या वायरीच्या फोनावर फोन लावला. उचलला मी. मागं ट्रकांचे हॉर्न.

"कोंडिबा, ती नानांची टेस्ट सोडा आता!"

मी खुर्चीत सरळ झालो. "सोडू?"

"हो, सोडा!"

आता मीबी एकदम येडा नाय. खात्री करून घेतली. "सगळी सोडू का सर?"

"सगळीच सोडा! काहीच ठेवू नका!"

आता तुम्हीच सांगा. एकीकडं निखतचं 'नक्को', दुसरीकडं मालकाचं 'सगळीच'. आन खरं सांगू का, आख्ख्या नोकरीत मला कुणी सगळा कळप एकदम सोडू दिला नव्हता. दोनशे सोडा, पाचशे सोडा, आता बास. बापाच्या वाड्याचं फाटक उघडलं की मेंढरं कशी पाण्यासारखी सुटायची, ते मी लहानपणी बघितल्यालं. हात शिवशिवले. मी टोपी सारखी केली आन बटण दाबलं.

रेघ अशी उठली, अशी उठली! मी एकलाच टाळ्या वाजवत हुतो तवा निखत जिन्यातनं आली. पडदा बघून तिच्या हातातला मोबाईल खाली आला.

"चाचा, ये क्या करे तुम?"

"मी नाय केलं. साहेब म्हणले सोडा."

"कौन से पत्ते पर?"

मी म्हणलं, "पत्ता कशाला बघायचा? मेंढरं आपली वाट आपण काढत्यात."

तिनं मला खुर्चीसकट बाजूला सारलं आन बटणं दाबाया लागली. पण खऱ्या साईटवर एक सोय हुती जी नकलेवर बंद ठिवल्याली हुती. नंबर लावणाऱ्याच्या मोबाईलवर चार आकड्यांचा मेसेज जायचा, ओटीपी म्हणत्यात तो. आमच्या खोट्या मेंढरांना कंप्यूटरनं मनाला येईल ते मोबाईल नंबर दिल्याले. मेंढरं खोटी, पण नंबर कुणाकुणाचे खरे निघाले. महाराष्ट्रभर लोकांच्या खिशात टुंग टुंग वाजायला लागलं, 'अद्रक बेणे नोंदणीसाठी आपला ओटीपी'. आन खाली, अडचण आल्यास संपर्क, नानांचा नंबर.

नाना तवा गावात चहाच्या हॉटेलावर धा जणांना मोबाईलवर साईट दाखवत बसल्याले. साईट गप. फोन मात्र गप बसंना. पहिला फोन कोकणातनं, एक बाई, "पाव किलो पाठवाल का हो, घरपोच?" दुसरा एक रिटायर फौजदार, "ओटीपी पाठवून लुटता काय? आत टाकीन!" तिसऱ्याला खोकला हुता, त्यानं अद्रक मधातनं घ्यावी का गुळातनं, ते इचारलं. नाना म्हणले गुळातनं. नंतर त्यांच्या ध्यानात आलं की आपण का सांगतोय. मंग त्यांनी आम्हाला फोन लावला. त्यातलं अंकात छापण्यासारखं एवढंच: "कोंडिबा, मेंढरं राखायची सोडून कशाला आला रं तू इथं?"

सर घाईनं आले. निखतनं इचारलं, "आपने इनको छोडो बोले?"

"हो. सोडा म्हणजे राहू द्या! नाद सोडा! टेस्ट करू नका!"

मी म्हणलं, "सर, मंग तसं म्हणायचं. तुम्ही म्हणले, काहीच ठिवू नका. मी काहीच ठिवलं नाय."

क्रेडिटच्या जागी शून्य हुता. वाटुळा, निवांत शून्य.

सरांनी डोकं धरलं. मेसेजवाल्यांचे बी वेगळे पैसे लागत्यात, ते बी संपल्याले. फौजदाराला माफीचा मेसेज पाठवावा म्हणलं, तर माफीला बी बॅलन्स नाय. शेवटी मी सोता फोन करून माफी मागितली. त्यांनी मला अर्धा घंटा झापलं आन शेवटाला इचारलं, अद्रक खरंच चांगली हाय का.

तेवढा वेळ निखत पडद्याकडं बघत हुती. एकदम म्हणली, "सर, साईट पडी नहीं है."

सगळे वाकले. साईट उभीच हुती. अडकली हुती ती मेसेजच्या खिडकीपाशी. निखतनं मला कळंल असं सांगितलं: गेट मोठं हाय चाचा, पण गेटवर पावती फाडणारा माणूस येकच हाय, त्याच्यापाशी सगळी लाईन तुंबली. नकलेवर मेसेज बंद आसल्यामुळं ते कधीच दिसलं नसतं. सोमवारी मात्र दिसलं असतं, सगळ्या तालुक्याला.

आता हे माझ्या अकलेनं झालं असं कुणी समजू नये. कावळा बसायला आन फांदी मोडायला एकच गाठ. मी कावळा. मी नुसता बसलो.

निखतनं रात जागवली, रविवारी सकाळपर्यंत उपाय काढला: ज्याला बेणं पायजे त्यानं नंबरची खात्री रविवारीच करून घ्यायची, म्हंजी सोमवारी धा वाजता मेसेजची खिडकीच नको. मेसेजपुरते पैसे सरांनी कसेबसे भरले, आन नानांनी गावोगाव निरोप धाडला. पण हे नवं काम चालतं का ते बघायला क्रेडिट कुठंय? सर आणायला तयार नाय, नाना द्यायला तयार नाय. मी म्हणलं, मेंढरं संपली तर धनगर हायेत की. त्याच दिवशी गावाकडं माझ्या पुतण्याच्या लेकराचं जावळ हुतं. सगळी भावकी गोळा, एकेकाच्या हातात मोबाईल. नानांचीबी धा-वीस माणसं जेवायला आल्याली. निखतला गाडीवर घेऊन गेलो. जेवणाआधी पारावर उभा राहून मी सगळ्यांना समजावलं, नक्कल उघडा, बोट बटणावर ठिवा, मी हाक दिली की दाबा. आन मोठ्यानं वरडलो, "सोडाऽऽ!"

आमच्या भावकीनं दाबलं. नानांच्या माणसांनी मोबाईल खिशात घातले. म्हणले, सोडा म्हणलं ना, झालं काम. आमच्या चुलतीनं हातातला मोबाईल खाली सोडला, खरंच सोडला, फुटला. आन मंडपाच्या कडेचा सोडावाला बाटल्यांचं खोकं उचलून माझ्यासमोर आला, "किती देऊ?"

निखत हसून हसून खाली बसली. पण परत हाका दिल्या, परत दाबलं, आन चाललं. पाव्हणे मंडळीवर कितपत भरोसा ठिवावा, ही शंका मात्र राहिली. खोट्या हजारांची गर्दी आन खरी शे-दीडशे माणसं, ह्यात फरक हाय.

सोमवारी धाच्या आत सगळे पडद्यापुढं. निखत मला झापत नव्हती, म्हणून मला भ्या वाटलं. फोनवर नाना, गेटवर उभे. त्यांचा चुलता बी तिथंच, मोबाईल घेऊन. नाना म्हणले, "मंग मोहनराव, सो..." आन थांबले.

सर म्हणले, "हो, आता सो..." आन तेबी थांबले.

निखत माझ्याकडं वळली. सगळं हापिस वळलं. तो शब्द तोंडात घ्यायला कुणी तयार नाय. घड्याळ धाच्या पुढं चालायला लागलं, तिकडं शेकडो बोटं बटणावर, आन इकडं आम्ही एका शब्दापायी अडल्यालो. मंग मी काय करावं? बाप वाड्याचं फाटक उघडताना जी हाक द्यायचा, तीच दिली. "हुर्र्र्ऽऽ हुर्र्र!"

निखतनं बटण दाबलं.

रेघ उठली. पिवळी झाली. तिथं जरा थरथरली. लाल होईना, हिरवी बी होईना. मंग हळूहळू, जनावर पाण्यावर वाकून निवांत व्हावं तशी, हिरवी झाली आन तशीच राहिली. फोनवर नानांच्या मागनं म्हाताऱ्या चुलत्याचा आवाज आला, "नाना, लागला रं माझा नंबर. वाकड्या हातानं लावला!"

निखतनं डोळे पुसले आन मला झापलं. तवा माझ्या जिवात जीव आला.

त्या कामाचं क्रेडिट कुणाला म्हणाल तर निखतला, आन ते बरोबर हाय. माझ्या नावावर काय उरायला नकोच, नायतर महिन्याच्या शेवटी गायबच झालं असतं. हापिसात आता तो शब्द बंद हाय. भिंतीवर कागद चिकटवलाय, मी वाचत नाय म्हणून त्यावर सोड्याच्या बाटलीचं चित्र काढून वर फुली मारलीय. निखत पुढं पुण्याला गेली, मोठ्या कंपनीत. फोन येतो कधीमधी. चाचा म्हणती, इथं सगळे शहाणे हायेत, मजा नाय.

मला बी आता गुडघे साथ देत नाय. वर चढलो की खाली कसं उतरायचं, हाच दिवसभराचा लोड. परवा बायको म्हणली, "आवं, आता सोडा की ते काम."

मी म्हणलं, "कोणचं सोडा? राहू द्या म्हणून, का मोकळं करा म्हणून? नीट सांग, सगळ्यांचं नुकसान झालंय त्याच्यापायी."

ती आमची जुन्या वळणाची, नवऱ्याचं नाव आजून तोंडानं घेत नाय. पदर तोंडाला लावून म्हणली, "ज्याच्या नावातच कोंडणं, त्याच्यानं काय सुटायचंय?"